दीड हजेरीचा हिशोब

पत्र : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला. नऊ महिन्यांपासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ठेकेदाराकडून फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग ग्राइंडरनं घासून साफ करायच्या कामाला आहे. मजगावात चौघांत मिळून खोली घेतली आहे. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये अर्धा तास जेवण. हजेरी ६०० रुपये. बारा तासांची दीड हजेरी धरून ९०० देतात. पीएफचे म्हणून महिन्याला १,८०० कापतात, पण नंबर कुणालाच दिलेला नाही. बुटांचे ८५० कापले. आता दोन महिन्यांचा पगार थकलाय. ठेकेदार म्हणतो, कंपनीनं बिल काढलं नाही. कंपनीतले म्हणतात, तुम्ही आमचे कामगार नाही. आमच्या बावीस जणांच्या टोळीत सात जण ओडिशाचे आहेत. त्यांची आधार कार्डं ठेकेदारानं ठेवून घेतलीत. त्यातल्या एकाच्या पायावर महिन्यापूर्वी वितळलेल्या लोखंडाचा रस सांडला. त्याला खासगी दवाखान्यात नेऊन 'मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका' असं सांगायला लावलं. तो अजून खोलीवरच आहे. आम्ही एका ऑफिसात गेलो, तर कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. ठेकेदाराचं ऑफिस महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीला आहे. तो म्हणतो, केस करायची तर कोल्हापूरला जा. येत्या सोमवारी सगळ्यांनी एकदम सुट्टी टाकून काम बंद पाडायचं, असं पोरांचं ठरतंय. काय करावं?

उत्तर : सोमवारची सुट्टी आधी थांबवा, बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तोही संपच धरला जातो. नोटिशीशिवाय केलेला संप बेकायदा ठरतो आणि त्याला कामगारामागे १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचे बावीस जण कंपनीतल्या कामगारांच्या निम्मे भरत नसतीलही, पण तो वाद कोर्टात घालायचा असतो, गेटवर नाही. गेटवर होतं ते वेगळंच. ठेकेदार त्याच संध्याकाळी 'हे लोक न सांगता काम सोडून गेले' असं पत्र कंपनीला देतो, मंगळवारी दुसरी टोळी आत घेतो, आणि तुमचा थकलेला पगार 'नुकसानभरपाई'त वळता केल्याचं सांगतो. आज दोष त्याच्याकडे आहे. सोमवारी तो तुमच्याकडे येईल. तेव्हा सोमवारी कामावर जा, पंच करा आणि वेळ लिहून ठेवा.

आता पैशाचं. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ठेकेदाराकडे. कायद्यानं हा प्रश्न सोडवून ठेवलाय. वेतन संहितेच्या ४३ व्या कलमात म्हटलंय, की पगार देणाऱ्यानं पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या मालकानं तो द्यायचा. कंपनीनं ठेकेदाराचं बिल काढलं की नाही, हा त्या दोघांमधला व्यवहार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळालाच पाहिजे. कुणाला कामावरून काढलं किंवा कुणी स्वतः काम सोडलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत. ठेका कामगारांचे खास नियम ५० कामगारांपासून पुढे लागतात, म्हणून ठेकेदार 'माझी टोळी बावीसचीच' असं सांगून हात झटकतात. पण ४३ व्या कलमाला आकड्याची अट नाही. म्हणून अर्जात दोन नावं हवीतच, ठेकेदाराचं आणि कंपनीचं. नुसत्या ठेकेदाराविरुद्ध केलेला अर्ज म्हणजे शिनोळीच्या बंद शटरवर लावलेली नोटीस. कंपनीला नोटीस गेली की बिल निघतं, हे त्या भागात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशोबाला बसा तेव्हा आधी दीड हजेरीचं गणित उलगडा. हजेरी ६०० म्हणजे आठ तासांचे ६००, तासाला ७५. आठ तासांवरचा प्रत्येक तास दुप्पट दरानं, म्हणजे १५० रुपयांनी द्यायचा असतो. ठेकेदार चार तासांचे ३०० देतो, म्हणजे साधाच दर. 'दीड' या शब्दामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी जादा मिळतंय असं वाटतं, इतकंच. आता इथे पोरं चुकतात. बारा तासांच्या दोन हजेऱ्या, १,२०० झाले असं ती लिहून देतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय, की मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी असते. ती कामाच्या वेळेत धरत नाहीत. तेव्हा काम साडेअकरा तास, त्यात ओटी (जादा काम) साडेतीन तास. साडेतीन गुणिले १५० म्हणजे ५२५. दिवसाचे १,१२५ व्हायला हवेत, मिळतात ९००. फरक २२५. महिन्याला २६ दिवस धरले तर ५,८५०, नऊ महिन्यांचे ५२,६५०. थकलेले दोन महिने ९०० रुपयांनी, ५२ दिवसांचे ४६,८००. दोन्ही मिळून ९९,४५०, वर बुटांचे ८५०. सुरक्षेच्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, म्हणून तेही मागायचे. १,२०० चा आकडा घालून मागणी फुगवली, तर ठेकेदाराचा वकील नेमकं त्या अर्ध्या तासावर बोट ठेवतो आणि बाकीचा खरा हिशोबही संशयात जातो. जेवायच्या सुट्टीतही ग्राइंडर चालू असायचा, असं काही दिवस झालं असेल, तर ते दिवस वेगळे लिहा. २६ हा आकडाही आम्ही नमुन्याला धरलाय. तुमचे खाडे, सणाच्या सुट्ट्या, रविवारची कामं ज्याची त्यानं आपल्या वहीतून काढायची.

इतका ओटी घेणंच मुळात मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे. कर्नाटकात २०२३ च्या दुरुस्तीनं बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी केली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. बारा तास करायचे तर आठवड्याला चारच दिवस. तुम्ही सहा दिवस करता. मर्यादा मोडली म्हणून ओटीचे पैसे बुडत नाहीत, मोडणाऱ्यावर आणखी एक दोष चढतो. ६०० हा दर ओतकामाच्या सरकारी किमान वेतनाला पोचतो का, तेही कामगार खात्याच्या चालू वर्षाच्या तक्त्यात बघून घ्या. महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला बदलतो, आणि ठेकेदार बरेचदा जुनाच तक्ता दाखवतात.

पुराव्याचं काम आजपासून सुरू करा. 'आमच्याकडे तर काहीच कागद नाही' असं प्रत्येक टोळी म्हणते, आणि खिसे रिकामे केले की निम्मा खटला टेबलावर येतो. पगार फोनपेवर येत होता ना? बँकेत जाऊन नऊ महिन्यांचं स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या. पैसे ठेकेदाराच्या बायकोच्या किंवा मेहुण्याच्या खात्यातून आले असतील तरी चालतील, दर महिन्याला ठराविक तारखेला ठराविक रक्कम आली हेच बोलतं. गेट पासचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्यावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि 'तुम्ही आमचे नाही' हे वाक्य तिथेच पडतं. कँटीनची कूपनं, ओटीला थांबायला सांगणारे सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, व्हॉइस नोट, टोळीच्या ग्रुपवर आलेली पाळीची यादी, सगळं ठेवा. मेसेज पुसू नका, फोन विकू नका, नंबर बदलू नका. स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ फोन दाखवावा लागतो. एक शंभर पानी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा, अशी :

'तारीख. आत ७.५०, बाहेर ८.१०. जेवण १ ते १.३०. काम : पंप हाउसिंग ग्राइंडिंग. सुपरवायझरचं नाव. सोबत कोण.'

मागचे नऊ महिने आठवणीनं भरू नका. एकाच पेनानं एका बैठकीत लिहिलेली वही अधिकारी पहिल्या पानावरच ओळखतो. मागचं बँक स्टेटमेंटवरून काढा, पुढचं रोजच्या रोज लिहा. कायदा इथे तुमच्या बाजूला झुकलेला आहे. पगार दिला नाही, कमी दिला किंवा बेकायदा कापला असा दावा आला, की पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. हजेरीपट, पगारपत्रक, पगाराची चिठ्ठी त्यानं ठेवायची असते. त्याच्याकडे ती नसतील, तर तुमची वही आणि स्टेटमेंट हेच समोर उरतं.

या दिवसांत कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा तिकीट लावलेल्या पावतीवर सही करू नका. पैसे देतोय म्हणून सही मागितलीच, तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून खाली 'फक्त अमुक महिन्याचे, बाकी येणे शिल्लक' असं स्वतःच्या हातानं लिहा. मग सही.

पीएफचं दुखणं निराळं. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, म्हणजे ठेकेदार तुमचा हिस्सा बरोबर कापतोय. तितकाच हिस्सा मालकानं घालायचा असतो, आणि दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. भरले की नाहीत हे दोन बाजूंनी बघा. पहिली तुमची बाजू : उमंग अॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर आधार आणि मोबाइल घालून यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) निघतो का बघा. यूएएन असून चालू असेल, तर त्याला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल द्या, किंवा ७७३८२९९८९९ ला 'ईपीएफओएचओ यूएएन एमएआर' असा संदेश इंग्रजी अक्षरांत पाठवा. शिल्लक मराठीत येते. दुसरी बाजू फारसं कुणी बघत नाही. त्याच संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे ठेकेदाराच्या फर्मचं नाव घातलं, की कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती जणांचे, हे दिसतं. बावीस जणांचे पैसे कापून सहा जणांचेच भरले असतील, तर ते तिथे उघडं पडतं. त्या पानाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. ठेकेदारानं भरलं नाही तर पीएफही कंपनीनंच भरायचा असतो. कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघातही ठरतो, तो भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात येतो. पण पोलिसांकडे धावण्याआधी पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार घाला आणि तिचा क्रमांक जपा. वसुलीची यंत्रणा पीएफ खात्याकडे आहे, पोलिस ठाण्याकडे नाही.

ओडिशाच्या मुलाचा पाय मात्र थांबून चालणार नाही, त्याला उद्याच हलवा.

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागतो, आणि महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, २६ दिवसांच्या १५,६०० वर ११७ रुपये, मालक सव्वातीन टक्के घालतो. आजारपणाच्या रजेसाठी आधी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते, कामावरच्या अपघाताला मात्र ती अट नाही. पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क असतो. 'त्याचं ईएसआय कार्ड काढलेलंच नाही' हा ठेकेदाराचा गुन्हा आहे, त्या मुलाचा नाही. ईएसआय आधी कामगाराला देतं आणि मग मालकाकडून वसूल करतं. काम बंद असेपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळायला हवेत, उपचार वेगळे.

अडचण केस पेपरची आहे. 'कशानं लागलं' या ओळीत सायलेन्सर लिहिलं गेलंय, आणि पुढे प्रत्येक टेबलावर तीच ओळ दाखवली जाईल. त्याला ईएसआय किंवा सरकारी रुग्णालयात न्या आणि नव्या केस पेपरवर खरं कारण लिहायला सांगा : अमुक तारखेला, अमुक पाळीत, लॅडलमधला (रस ओतायच्या भांड्यातला) वितळलेल्या लोखंडाचा रस डाव्या किंवा उजव्या पायावर सांडला. भाजल्याची केस पोलिस नोंदीत घ्यायला सांगा. डॉक्टरला जखम बघून कळतं. सायलेन्सरचा चटका पोटरीच्या आतल्या बाजूला एका पट्ट्यात बसतो. बुटाच्या तोंडातून आत गेलेला रस घोट्याभोवती आणि पायाच्या वरच्या भागावर थेंबाथेंबानं खोल जाळतो. फोटो काढा. भाजलेला बूट, जळालेली पँट फेकली नसेल तर पिशवीत बांधून ठेवा. तेव्हा शेजारी कोण होतं त्या दोघांनी आपापल्या शब्दांत लिहून सही करावी. मालकानं ईएसआयला अपघाताचा अहवाल बारा नंबरच्या फॉर्ममध्ये द्यायचा असतो. तो दिला नसेल तर कंपनीला लेखी मागा. आधी खोटं का सांगितलं, हे विचारलं जाईलच. उत्तर सरळ द्या : ठेकेदारानं सांगायला लावलं, आधार कार्ड त्याच्याकडे आहे, आणि खोलीही त्याचीच असेल तर तेही. ईएसआयची मदत रेषा १८००-११-२५२६. कारखान्याला ईएसआय लागत नाही असं निघालंच, तर अपघाताच्या भरपाईचा दावा वेगळ्या अधिकाऱ्याकडे जातो. त्यातही कंपनी सुटत नाही, फक्त दोन वर्षं उलटायच्या आत दावा घाला.

आधार कार्ड ठेवून घेतल्यावर माणूस अडकला असं ठेकेदाराला वाटतं. ज्याचा मोबाइल आधारला जोडलेला आहे, तो ई-आधार उतरवून घेऊ शकतो आणि ते मूळ कार्डाइतकंच चालतं. कार्ड परत द्या अशी लेखी मागणी तरीही करा, ती पुढे उपयोगी पडते. ठेकेदार 'उचल फिटेपर्यंत जायचं नाही' असं म्हणत असेल, तर तो साधा पगाराचा वाद राहत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात तो बसतो, आणि तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) जाते. उचल घेतली असली, तरी पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाहीत. पूर्ण पगार दाबून ठेवणं त्यात बसतच नाही. ते सात जण ठेकेदाराच्या खोल्यांत राहतात का, हे पत्रात नाही. राहत असतील, तर अर्जावर सही करायच्या आधी त्यांच्या राहण्याची दुसरी सोय लावा. तक्रार गेल्याच्या रात्री सामान बाहेर पडतं आणि सकाळी साक्षीदार रेल्वेत बसलेला असतो. धान्यासाठी एक देश एक रेशन कार्ड आहे. त्यांचं ओडिशाचं आणि तुमचं महाराष्ट्राचं कार्ड बेळगावच्या रेशन दुकानात अंगठ्यावर चालतं.

कोल्हापूरला जायची गरज नाही. ठेकेदाराचं ऑफिस कुठे आहे, तुमचं गाव कुठे आहे, यानं काही ठरत नाही. काम जिथे होतं तिथलं खातं. कारखाना उद्यमबागेत, म्हणून कर्नाटकाचं कामगार खातं, बेळगावचं कार्यालय. पाटीवर 'कार्मिक इलाखे' असं असेल. मध्येच काही दिवस ठेकेदारानं तुम्हाला शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला नेलं असेल, तर तेवढ्या दिवसांचा दावा मात्र महाराष्ट्रात जाईल. ते दिवस वेगळ्या पानावर काढा, या अर्जात मिसळू नका, नाहीतर अख्खा अर्ज हद्दीच्या वादात लोंबकळेल. आणि एक गोष्ट चंदगडच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. एका राज्यातून येऊन दुसऱ्या राज्यातल्या आस्थापनेत काम करणारा, महिन्याला १८,००० पर्यंत पगाराचा माणूस कायद्यानं आंतरराज्य स्थलांतरित कामगार असतो. व्याख्येत अंतर मोजलेलं नाही. ओडिशाचा मुलगा जितका, तितकेच चंदगडचे तुम्ही. आस्थापनेत असे दहा जण असतील, तर वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची रक्कमही मालकाकडे लागते. तुमचं भाडं थोडकं असेल, त्या सात जणांचं नाही.

भाषेचं. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण आमचा सल्ला, त्या टेबलावर घटना उघडत बसू नका. मूळ अर्ज मराठीत करा, कारण सही तुमची आहे आणि काय लिहिलंय ते तुम्हाला कळायला हवं. सोबत कन्नड भाषांतर जोडा. अधिकारी पुढच्या नोटिसा कन्नडमध्येच काढणार आहे, भाषांतर जोडलं तर त्याचं काम एक दिवसात होतं, नाहीतर फाइल भाषांतरासाठी म्हणून पडून राहते. टायपिंगवाल्याकडून भाषांतर करून घेतलंत, तर टोळीतल्या कन्नड मुलाकडून ते मोठ्यानं वाचून घ्या, विशेषतः तारखा, रकमा आणि नावं. ठेकेदाराच्या फर्मचं नाव एका अक्षरानं चुकलं, की पहिली नोटीस परत येते आणि महिना जातो.

तुमच्या टोळीत गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडचे कन्नड लोकही असतील. त्यांनाही हीच दीड हजेरी मिळते. अर्जावर त्यांची नावं वर ठेवा. ठेकेदाराला हा वाद मराठी-कन्नडचा करता आला, तर त्याला आणखी काय हवं? मग तुमची मजुरी बाजूला पडते आणि गेटवर भलतेच झेंडे येतात.

अर्ज एकत्र करता येतो, एकाच अर्जात कितीही जण. मजकूर दोन पानांच्या वर नको. वर ठेकेदार आणि कंपनी, दोघांची नावं आणि पत्ते. मग एकेका वाक्यात मागण्या : अमुक दोन महिन्यांचा थकलेला पगार, आठ तासांवरच्या कामाचा दुप्पट दरानं फरक, बुटांचे कापलेले पैसे, पगाराच्या चिठ्ठ्या आणि नेमणूक पत्रं. नेमणूक पत्र देणं आता बंधनकारक आहे, विसरू नका. कायद्याच्या जागी 'वेतन संहिता २०१९ आणि लागू असलेले इतर कामगार कायदे व नियम' एवढं पुरे. राज्याचे नियम बदलाच्या मधल्या अवस्थेत आहेत, चुकीचं कलम लिहिण्यापेक्षा मोघम बरं. पीएफ आणि ईएसआय या अर्जात मागू नका, फक्त उल्लेख करा, त्यांची खाती वेगळी. शेवटी तक्ता : नाव, लागल्याची तारीख, रोजचा दर, थकलेले दिवस, ओटीचे तास, येणे रक्कम. हा तक्ता हाच खरा अर्ज, बाकीचं प्रस्तावना.

अर्जाआधी आठ दिवसांची मुदत देऊन ठेकेदाराला आणि कंपनीला हीच मागणी पोस्टानं पाठवा. पूर्वीचं रजिस्टर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा खिडकीवर पोचल्याचा पुरावा हवा असं सांगून तसं बुकिंग करा. मुदत संपली की खात्यात दोन प्रती न्या, एक देऊन दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. 'ठेवून जा, बघतो' याला अर्ज दिला असं म्हणत नाहीत. अडलं तर कर्नाटक कामगार खात्याची सहायवाणी १५५२१४. वकील लागलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. आयटक, सिटूसारख्या संघटनांच्या लोकांना सोबत घेतलंत तर उत्तमच, सुनावणीत त्यांना बोलता येतं. फक्त वर्गणी दिली की पावती घ्या.

दावा तीन वर्षांपर्यंत दाखल करता येतो, तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं संहिता म्हणते, आणि अधिकारी मूळ रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई लावू शकतो. दहा पट हातात पडेल या हिशोबानं मात्र खोलीचं भाडं थकवू नका. तो आकडा तडजोडीच्या टेबलावर वजन म्हणून वापरायचा असतो.

मधल्या काळात फेटलिंग चालूच राहील म्हणून एवढंच : रुमाल बांधून ग्राइंडर धरू नका. साच्याच्या वाळूची डोळ्यांना न दिसणारी धूळ रुमालातून आरपार जाते, आणि तिनं होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. निदान एन-९५ दर्जाचा मास्क कंपनीकडून लेखी मागा, आणि छातीचा एक्स-रे आत्ताच एकदा काढून तारखेसह ठेवा.

पहिल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ठेकेदार बहुधा खोलीवर येईल. रोख आणेल, मागणीच्या निम्मे, आणि एक छापील कागद, 'माझं काही येणं राहिलं नाही.' पैसे घ्यायचेच तर अधिकाऱ्यासमोर, प्रत्येकाच्या बँक खात्यात, आणि तडजोडीच्या कागदावर तीन गोष्टी लिहूनच : ही रक्कम फक्त पगार आणि ओटीपोटी आहे, पीएफ आणि ईएसआयचे दावे यात मिटलेले नाहीत, भाजलेल्या कामगाराची भरपाई यात धरलेली नाही. रक्कम हप्त्यांत ठरली, तर प्रत्येक हप्त्याची तारीख घाला आणि ठेकेदार चुकला तर कंपनी भरेल यावर कंपनीच्या माणसाची सही घ्या. तो म्हणेल, मला अधिकार नाही. मग ज्याला अधिकार आहे तो येईपर्यंत पुढची तारीख मागून घ्या.